मुंबईत चाऊ चाऊ पाळावा का? (अनुभव हवेत)

चाफेकळी
नमस्कार मंडळी,
माझी लेक अकरा वर्षांची आहे. महिन्यापूर्वी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर एक बाई चाऊ चाऊ जातीचा कुत्रा घेऊन बसल्या होत्या. तांबूस रंग, मानेभोवती सिंहासारखी आयाळ आणि जीभ जांभळं खाल्ल्यासारखी निळी-काळी. लेक तिथेच खिळली. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. वहीच्या मागच्या पानांवर सुद्धा त्याचीच चित्रं.

आम्ही मुलुंडला राहतो. दुसरा मजला, दोन बेडरूम, एसी एकाच खोलीत. मी आणि नवरा सकाळी साडेआठला बाहेर पडतो, यायला सात वाजतात. सासूबाई घरी असतात. त्यांना कुत्र्यांचं वावडं नाही, माहेरी राजापूरकडे दारात कायम दोन-तीन असायची. पण लेकीने फोटो दाखवल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "एवढी लोकर अंगावर घेऊन ते बिचारं इथे करणार काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ज्यांनी चाऊ पाळलाय किंवा जवळून पाहिलाय त्यांनी कृपया खरं काय ते सांगा. नको असेल तर नको सांगा, लेकीला मी समजावेन. पण कारण नीट कळायला हवं, ती कारण विचारल्याशिवाय सोडत नाही.

कट्टेकरी
शीर्षक वाचून भाजीचा धागा समजून आलो! माटुंग्याच्या बाजारात चाऊ चाऊ म्हणून फिकट हिरवी, सुरकुतलेली भाजी मिळते. शेजारच्या मामी तिचं कूटू फार छान करतात. तिला एसी लागत नाही :)
कुत्र्याबद्दल माहिती नाही, वाचतोय.

पवईची_सकाळ
चाफेकळी ताई, आमच्याकडे सहा वर्षांचा चाऊ आहे. क्रीम रंगाचा, म्हणून नाव ढवळ्या. सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी लेकीला सांगा की हे मांडीवर घ्यायचं खेळणं नाही. कवटाळलेलं, उचललेलं, अनोळखी माणसाने डोक्यावर हात ठेवलेला चाऊला आवडत नाही. मी बाहेरून आले की ढवळ्या दारापर्यंत येतो, एकदा बघतो आणि परत जाऊन लादीवर पसरतो. माझ्या लॅब्रडॉरवाल्या मैत्रिणीला हे बघून माझ्यासाठी वाईट वाटलं होतं. पण रात्री मी ज्या खोलीत झोपते तिच्या उंबरठ्यावरच तो झोपतो, तोंड बाहेरच्या बाजूला. सहा वर्षांत एक रात्र चुकलेली नाही. मला डेंग्यू झाला तेव्हा दोन दिवस ताटलीला तोंड लावलं नव्हतं.

त्याचे डोळे खोल असतात, वर कातडीची घडी, भोवती केस. कडेचं नीट दिसत नाही. बाजूने किंवा मागून कुणी हात लावला की दचकतो आणि दचकला की गुरगुरतो. लोक म्हणतात चाऊ रागीट असतो. निदान आमच्या घरी तरी निम्मा राग म्हणजे न दिसल्याची भीती आहे. लिफ्टमध्ये मी त्याला कोपऱ्यात भिंतीकडे पाठ करून बसवते. मुलांना सांगते, समोरून या, हात खाली ठेवा, त्याला वास घेऊ द्या, तो वळून गेला तर मागे जाऊ नका. आता इमारतीतल्या मुलांना हे पाठ झालंय. पिल्लू असताना त्याला रोज नवीन माणसं, रिक्षाचे आवाज, छत्र्या, हेल्मेट सगळं दाखवलं होतं. ते पहिले तीन-चार महिने वाया घालवले असते तर आज तो लिफ्टमध्ये उभा राहिला नसता.

स्वच्छतेच्या बाबतीत मांजर म्हणा. दोन आठवड्यांत बाहेर जायची शिस्त लागली. भुंकतो क्वचित. ओरडून, मारून काही शिकवता येत नाही, एकदा दुखावला की आठवडाभर पाठ फिरवून बसतो.

आता मुंबई. सकाळी साडेपाचला फेरी, ऊन चढायच्या आत घरी. त्यानंतर थेट रात्री साडेनऊ. मार्च ते जून आणि पुन्हा ऑक्टोबरात एसी दिवसभर. पावसाळ्यातही चालूच, कारण दमट हवेत तो बसल्या जागी धापा टाकतो. गेल्या मे महिन्यात वीजबिल नऊ हजारांवर गेलं.

केसांचं वेगळं. आठवड्यातून तीनदा, दर वेळी पाऊण तास, भांग पाडत पाडत कातडीपर्यंत विंचरायचं. नुसता वरवर कंगवा फिरवला तर बाहेरून मऊ आणि आत नमदा. वर्षातून दोनदा आतली लोकर गळते, तेव्हा घर म्हणजे पिंजाऱ्याचं दुकान. पावसात भिजला की मुळापर्यंत वाळवायला तास जातो. नाहीतर खाली बुरशी धरते आणि वास येतो.

मला एका दिवसाचाही पश्चात्ताप नाही. पण मी घरून काम करते. तुम्ही साडेदहा तास घराबाहेर असता, तेव्हा हे सगळं सासूबाईंच्या अंगावर येईल. त्यांचं वय काय?

चाफेकळी
बहात्तर. गुडघे दुखतात. एवढं मनापासून लिहिलंत, खूप आभार. लेकीला वाचून दाखवलं. उंबरठ्यावर झोपतो ते ऐकून तिने परत वाचायला लावलं. बाकीचं तिने ऐकलंच नाही अशी शंका आहे.

लोकल_८_१२
मला हे 'मुंबईत नको' प्रकरण कळत नाही. आमच्या लोखंडवालात हस्की आहेत, सेंट बर्नार्ड आहेत, छान जगतात. माणूस जुळवून घेतो तसा प्राणीही घेतो. सगळ्यांनी असंच घाबरवलं तर कुणी काही पाळणारच नाही.

खुरपाय
मी पशुवैद्य आहे, मध्य उपनगरांत पंधरा वर्षं दवाखाना आहे. लोकल, ती कुत्री जगतात हे खरं. मे महिन्यात त्यांच्यातलीच काही माझ्या टेबलावर येतात, शुद्ध हरपलेली.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजांच्या गाद्यांना थोडासा येतो तेवढाच. बाकी सगळा भार धापांवर. जीभ, नाक, घसा इथलं पाणी वाफ होऊन उडतं आणि उष्णता घेऊन जातं. पण हवाच पाण्याने भरलेली असेल तर वाफ होणार कशी? जुलैत दोरीवरचे कपडे वाळत नाहीत ना, तेच जिभेवर होतं. म्हणून नागपूरच्या ४२ अंशांपुढे मुंबईचे ३३-३४ कमी दिसतात, तसे ते नाहीत. चाऊचं तोंड आखूड, श्वासाची वाट अरुंद, वर दुहेरी लोकर. हा उत्तर चीनच्या थंडीत घडलेला प्राणी आहे. तिथे शिकारीला, राखणीला, गाडे ओढायला वापरायचे. असं जुळवून घ्यायला पिढ्या लागतात, एका उन्हाळ्यात ते होत नाही.

धागाकर्तीसाठी: पूर्ण वाढलेला चाऊ साधारण २० ते ३२ किलो, खांद्यापाशी ४३ ते ५१ सेंमी. आयुष्य ८ ते १२ वर्षं. नेहमी दिसणारे त्रास म्हणजे पापणी आत वळणे (केस बुबुळाला घासतात, बहुतेकदा शस्त्रक्रिया लागते), खुब्याचे आणि कोपराचे सांधे, गुडघ्याची वाटी सरकणे, थायरॉइड. मागचे पाय जवळजवळ सरळ असतात, म्हणून ती ताठ, आखूड पावलांची चाल. बघायला गोड वाटते, पण गुळगुळीत टाइल्सवर त्या सांध्यांचे हाल होतात. आजींच्या गुडघ्यांइतकेच याचेही गुडघे जपावे लागतील.

बटवा
काळ्या जिभेवरून आठवलं. आपल्याकडे म्हणतात ना, काळजिभ्याचं बोलणं खरं होतं. माझ्या भाच्याने दहिसरला चाऊ आणला तेव्हा आमच्या आत्याबाईंनी त्याची जीभ बघितली आणि घरात फर्मान काढलं, "याच्यासमोर कुणी वाईटसाईट बोलायचं नाही." मग रोज तिन्हीसांजेला दिवा लावून झाला की त्याच्यासमोर पाट घेऊन बसायच्या आणि सगळ्यांसाठी चांगलं मागायच्या. हिचं लग्न जमू दे, त्याची बदली टळू दे. तो कान टवकारून ऐकायचा, भुंकायचा मात्र नाही. आत्या गेल्या तेव्हा तेराव्यापर्यंत तो त्या पाटाजवळच बसून होता.

रद्दीचा_गठ्ठा
बटवा, डोळ्यांत पाणी आणलंत.

जिभेबद्दल थोडं. पिल्लू जन्मतं तेव्हा जीभ गुलाबी असते, आठ-दहा आठवड्यांत निळी-काळी होते. चीनमधली एक गोष्ट सांगतात, की आभाळ रंगवताना निळ्या रंगाचे थेंब खाली सांडले आणि या कुत्र्याने ते चाटले. तिथलं त्याचं नाव सोंगशी छुआन, म्हणजे फुगीर सिंह-कुत्रा. 'चाऊ चाऊ' हे नाव चिनी नाहीच म्हणतात. अठराव्या शतकाच्या शेवटी पूर्वेकडून इंग्रज जहाजांतून जो किरकोळ, सटरफटर माल यायचा त्याला खलाशी सरसकट चाऊ-चाऊ म्हणत. त्या मालात कुत्री आली, नाव चिकटलं. अमेरिकन केनेल क्लबने १९०३ मध्ये जात म्हणून नोंदवलं, पण जात फार जुनी. २००४ मध्ये कुत्र्यांच्या जनुकांचा जो मोठा अभ्यास झाला, त्यात लांडग्याला सगळ्यात जवळच्या मोजक्या जातींत चाऊ निघाला.

मानसशास्त्रज्ञ फ्रॉइडकडे जोफी नावाची चाऊ कुत्री होती, व्हिएन्नात, १९३० च्या दशकात. रुग्णांशी बोलताना ती खोलीतच बसायची. त्याच्या मुलाने लिहून ठेवलंय की वेळ संपली की जोफी उठून जांभई द्यायची, फ्रॉइडला घड्याळ बघावं लागत नसे. पवईताईंच्या ढवळ्याचं वर्णन वाचून तीच आठवली. जवळ असायचं, पण अंगचटीला यायचं नाही.

भांडुपचा_बबन्या
जिभेचा मुद्दा लक्षात ठेवा, मी फसलोय. बाजारातल्या एका दुकानातून 'अस्सल चाऊ' म्हणून तांबूस पिल्लू आणलं. जीभ गुलाबी. "होईल काळी, लहान आहे अजून." चार महिने रोज सकाळी ब्रश करताना जीभ बघायचो. निघाला पॉमेरेनियनचा संकर. आज पाच वर्षांचा आहे, जीव की प्राण आहे, पण पैसे चाऊचे मोजले.

खुरपाय
बबन्या, उलटंही होतं. जिभेवर काळे ठिपके दिसले की लोक 'चाऊचं रक्त आहे' म्हणतात. तसे ठिपके गावठी कुत्र्यांतही असतात, त्यावरून काही सिद्ध होत नाही. शार पेई या दुसऱ्या जातीच्या कुत्र्याची तर पूर्ण जीभ निळी-काळी असते. पिल्लू घ्यायचंच तर आईला प्रत्यक्ष बघा. २०१७ च्या नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्याकडे राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. आई दाखवायला टाळाटाळ झाली की तिथूनच परत फिरा.

साधीसुधी
एक शंका. उन्हाळ्यात सरळ मशीन लावून केस काढून टाकले तर? मेंढ्यांचे काढतात तसे. प्रश्नच मिटला.

पवईची_सकाळ
नको नको! आम्ही पहिल्या वर्षी केलं होतं हे, कुणाचं तरी ऐकून. केस पुन्हा आले ते ठिगळासारखे, दोन वर्षं लागली नीट व्हायला. पाठ उन्हात भाजली ती वेगळीच.

खुरपाय
+१. लोकर ऊनही अडवते. आतली मेलेली लोकर विंचरून काढली की वारा कातडीपर्यंत पोचतो, ते खरं काम. पोटावरचे आणि पंजांमधले केस थोडे कमी केले तर चालतं, त्यामुळे थंड लादीला पोट टेकतं.

चौदावा_मजला
दोन दिवस हा धागा वाचतोय. लिहावं की नाही ठरत नव्हतं.

आमचा गोळू. काळा चाऊ, २७ किलो. १२ ऑक्टोबर २०२०. मुंबईकरांना तारीख आठवत असेल, सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या शहराची वीज गेली. आम्ही ठाण्याच्या अलीकडे, चौदाव्या मजल्यावर. सुरुवातीला वाटलं येईल पाच मिनिटांत, मुंबईत वीज जाते कुठे? एसी बंद, पंखा बंद, खिडक्या पश्चिमेच्या आणि वारा अजिबात नाही. अकरा वाजता त्याच्या धापांचा आवाज बदलला, घशातून घरघर यायला लागली. लाळ घट्ट, तारेसारखी. हिरड्या विटकरी लाल झाल्या. मी फ्रिजमधलं पाणी ओतलं, ओले टॉवेल गुंडाळले. साडेअकराला त्याचे मागचे पाय गेले.

लिफ्ट बंद. चादरीची झोळी केली. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझा सतरा वर्षांचा मुलगा आणि वॉचमन आळीपाळीने. चौदा मजले. दर दोन मजल्यांवर खाली ठेवायचो. कोरोनाचे दिवस होते, पण सहाव्या मजल्यावरच्या आजींनी दार उघडून बादलीभर पाणी आणून स्वतःच्या हाताने त्याच्या अंगावर ओतलं. त्यांचं घर ओलं झालं, त्यांनी बघितलंही नाही. खाली गाडीत घातलं, एसी लावला, दवाखाना गाठला. ताप ४१.७ अंश सेल्सिअस होता.

त्या दिवशी वाचला. पण मूत्रपिंडं गेली होती, पुढचे आठ महिने सलाईन आणि औषधांवर काढले. जून २०२१ ला गेला.

लोकल दादा, तुमच्यावर राग नाही. आम्हीही घेताना हेच म्हणालो होतो, एसी आहे, सगळं होईल. आमची काळजी घेण्यात काही कमी नव्हती. फक्त त्याचं सगळं जगणं एका तारेला लटकलेलं होतं, हे त्या सकाळपर्यंत लक्षात आलं नव्हतं. मुलाने नंतर पशुवैद्यकाला प्रवेश घेतला, परळला शिकतो.

लोकल_८_१२
वाचून सुन्न झालो. माझं आधीचं म्हणणं मागे घेतो. काका, गोळूला नमस्कार.

खुरपाय
चौदावा मजला काका, चौदा मजले उतरवून तुम्ही त्याला आठ महिने दिलेत. हे आधी लिहितो, कारण पुढचं लिहिलेलं तुम्हाला दोष दिल्यासारखं वाटू नये. त्या क्षणी कुणीही तेच केलं असतं.

वाचणाऱ्या सगळ्यांसाठी: ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवला की थोड्या वेळात तो गरम होतो आणि उष्णता आतच कोंडते. त्यापेक्षा नळाचं पाणी सतत ओता, केस बोटांनी फाकवून कातडीपर्यंत पोचू द्या, आणि वारा घाला, हाताशी पंखा नसेल तर पुठ्ठ्याने. बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतू नका. आधी गार करायला लागा, मग गाडी. कुत्र्याच्या अंगाचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ अंश असतं, ४१ च्या पुढे प्रत्येक मिनिट मोलाचं. दवाखान्याचा नंबर आजच फोनमध्ये ठेवा. रात्री-अपरात्री कुठे जायचं हे आधी विचारून ठेवा. परळचं बैलघोडा हॉस्पिटल बहुतेकांना माहीत असतं, पण तुमच्या घराजवळचं काय आहे ते बघा.

सोसायटीचा_कारकून
थोडं वेगळं, पण विचारतीलच म्हणून. कुणी सोसायटीत 'कुत्रा चालणार नाही' म्हटलं तर तसा ठराव करता येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत, लिफ्ट वापरायलाही मनाई करता येत नाही. आपल्या बाजूने महापालिकेचा परवाना, रेबीजची लस आणि बाहेरची घाण उचलणं एवढं चोख ठेवा. आमच्याकडे नव्वद टक्के भांडणं घाणीवरून झाली, कुत्र्यावरून नाही.

साधीसुधी
धाग्याचं उत्तर मग नाही असंच ना?

पवईची_सकाळ
मला असं 'नाही' म्हणवत नाही, माझ्या पायाशी एक झोपलाय. पण विजेची दुसरी सोय, घरी कायम एक धडधाकट माणूस आणि आठवड्याचे दोन-अडीच तास नुसते विंचरायला, हे नसेल तर नका आणू. काकांचा प्रतिसाद वाचून आम्ही इन्व्हर्टर बघायला लागलो आहोत. सहा वर्षं कसं सुचलं नाही कळत नाही.

चाफेकळी ताई, लेकीला घेऊन या एका रविवारी. ढवळ्याला बघू दे.

चाफेकळी
मंडळी, वेळ लागला लिहायला, सासूबाईंना पण सगळे प्रतिसाद वाचून दाखवत होते. गोळूचं वाचताना त्यांनी हातातली जपमाळ खाली ठेवली.

काल पवईला जाऊन आलो. लेकीला वाटेत तीनदा सांगितलं होतं, धावत जायचं नाही. ती जमिनीवर बसली, हात मांडीवर. ढवळ्या लांबून बघत होता. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मला वाटलं आता ही रडणार. वीस मिनिटांनी तो उठला, आला, तिचा गुडघा हुंगला आणि तिच्याकडे पाठ करून तिला टेकून बसला. पवईताई हळूच म्हणाल्या, हे तो फार कमी लोकांना करतो. लेक श्वास रोखून बसली होती.

मग ताईंनी तिच्या हातात कंगवा दिला. एका मांडीवरची लोकर विंचरायला अर्धा तास गेला, पिशवी भरली. तेवढ्यात एसी जरा कमी केला होता, तर ढवळ्याच्या धापा सुरू झाल्या. लेकीनेच ताईंना सांगितलं, त्याला गरम होतंय.

परतताना रिक्षात ती काही बोलली नाही. घरी येऊन आजीला म्हणाली, "तू म्हणालीस ते बरोबर होतं. आपल्या घरात त्याला एकच खोली मिळेल." आम्ही चाऊ आणत नाही आहोत. हे तिने ठरवलं, मी नाही. मात्र तिने ताईंना विचारलंय की दर रविवारी विंचरायला आले तर चालेल का. ताई, तुम्ही तिथे हो म्हणालात, पण संकोच वाटत असेल तर इथे स्पष्ट सांगा.

बटवा
पोरीला माझ्याकडून एक खाऊ. पुढच्या वेळी त्याच्यासमोर बसून काहीतरी चांगलं मागायला सांगा.

चौदावा_मजला
तिला सांगा, कानामागचे केस आधी विंचरायचे, तिथे गाठी लवकर होतात. गोळूचा लोखंडी दातांचा कंगवा अजून कपाटात आहे. मी पवईला आणून देतो.

पवईची_सकाळ
कसला संकोच! रविवारी सकाळी साडेसहाला या, फेरी उरकून तो गार पडलेला असतो. येताना एक जुनी चादर आणा, खाली अंथरायला. काका, तुम्हीही याच. चहा ठेवते.